आमच्या बाई आणि त्यांचा म्हातारा

उपकार कुणाचे ते आधी सांगते, मग काय घडलं ते. उपकार आमच्या घरमालकीणबाईंचे. मला वाचायला त्यांनी शिकवलं. म्हणजे अक्षरओळख होती, नववीपर्यंत शाळेत गेले होते; पण आई अंथरुणाला खिळली, धाकटी भावंडं होती, आणि माझं दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. पुढे कित्येक वर्षांनी ते खाली काढलं एका जर्मन म्हातारीने, स्टुटगार्टच्या एका उपनगरात. हे ज्यांना पटत नाही त्यांनी पुढे वाचू नये. माझी हरकत नाही.

बाईंचं नाव मी लिहिणार नाही. त्यांच्या लेखकाचंही नाही. हा नियम त्यांचाच. "नाव सांगितलं की लोक 'हो हो, ऐकलंय' म्हणतात आणि सुटतात," असं त्या म्हणायच्या. "आधी गोष्ट सांगायची. माणसाने स्वतःहून नाव विचारलं, तर तो वाचणार. नाही विचारलं, तर त्याला नाव कशाला द्यायचं?"

हा लेखक एकोणिसाव्या शतकातला. सरकारी मिठाच्या कोठारात कारकुनी करायचा आणि गोष्टी लिहायचा. त्याच्या हयातीतही त्याला फारसं कुणी विचारलं नाही, मेल्यावर तर नाहीच. बाई त्याला 'म्हातारा' म्हणत. तेही असं, की जणू आतल्या खोलीत सासरा खोकत बसलाय. "म्हाताऱ्याला हे आवडणार नाही." "म्हाताऱ्याने यावर आधीच लिहून ठेवलंय." माझं जर्मन तेव्हा बाजारहाटापुरतं. मला वाटलं, तळमजल्यावर खरंच कुणी आजारी माणूस आहे. एकदा मुगाची मऊ खिचडी घेऊन गेले. खुणेनेच म्हटलं, म्हातारबाबांसाठी. बाईंनी ती ओट्याशी उभ्याउभ्या खाल्ली, चमचा चाटूनपुसून ठेवला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "म्हातारा आभारी आहे."

आमची खरी ओळख मात्र त्यानंतरची, पाण्याने झालेली.

इथे भाडेकरूंनी आळीपाळीने जिना झाडायचा असतो. दाराला पाटी अडकवलेली दिसली की त्या आठवड्यात आपली पाळी. केरवोख म्हणतात त्याला. शब्दातच केर दिसल्यावर मला हायसं वाटलं, म्हटलं या देशात एक काम तरी आपल्याला येतं. आमचे हे त्सुफेनहाउझेनला गाड्यांच्या कारखान्यात रंगकामाचे रोबो लावायला जात. ते गेल्यावर मी ओढणी कमरेला बांधली आणि वरच्या मजल्यापासून बादल्या ओतत सगळा जिना धुऊन काढला. इचलकरंजीला आमच्या चाळीचा जिना दिवाळीआधी असाच धुतात. पाणी खाली गटारात जातं. इथे गटार नव्हतं. पाणी सरळ तळघरात गेलं, आणि तळघरात म्हातारा होता. खोक्यांतून भरून ठेवलेला.

बाई वर आल्या त्या भिजलेली पुस्तकं छातीशी धरून, पायांत पुरुषी गिर्यारोहणाचे बूट. ते बूट त्या घरातही घालत. मला वाटलं, झालं. आता घर जाणार, घर गेलं की ह्यांच्या नोकरीवर येणार, मग व्हिसा, मग विमान. माझं मन असंच धावतं, एका पायरीवरून थेट तळघरात. मी रडायला लागले. बाई काहीतरी बोलल्या, ते मला कळलं नाही. संध्याकाळी त्यांनी ते ह्यांच्यासमोर पुन्हा म्हटलं, तेव्हा कळलं.

हे म्हणाले, "अगं, त्या म्हणतायत, इतक्या वर्षांत म्हाताऱ्याला हात लावणारी तूच पहिली. आता वाळवायला ये म्हणतायत."

मग आम्ही दोघी माळ्यावर कपड्यांच्या दोऱ्यांवर पुस्तकं वाळत घालत बसलो. पानं हलक्या हाताने सुटी करायची, मध्ये टिपकागद घालायचा. बाई पान उलटता उलटता मोठ्याने वाचायच्या, मी ऐकायची. अक्षरं जुन्या वळणाची, काटेरी, शेताच्या कुंपणाला तारा लावाव्यात तशी. मी घाबरून ह्यांना एक पुस्तक दाखवलं. ह्यांना वाचता येईना. ह्यांच्या कंपनीतल्या एका पुण्याच्या साहेबांना दाखवलं, जर्मनच्या परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क घेतलेले. ते म्हणाले, "हे जर्मनच आहे ना नक्की?" मला त्या दिवशी जो आनंद झाला, तो कुणाला सांगायची सोय नव्हती. त्या अक्षरांपुढे सगळेच अंगठाछाप होते. मग मी कशाला लाजायचं? दुसऱ्या दिवसापासून बाई ओळीवर बोट ठेवू लागल्या आणि मी त्यांच्या बोटामागून जाऊ लागले.

बाई एके काळी शाळेत जर्मन शिकवत. नोकरी मुदतीआधी सुटली. का, तर नेमलेली पुस्तकं बाजूला ठेवून त्यांनी पूर्ण वर्षभर वर्गाला म्हाताराच शिकवला. पालक तक्रार घेऊन आले, मुख्याध्यापक आले. बाईंनी मुख्याध्यापकांना मागच्या बाकावर बसायला सांगितलं आणि तास पुरा केला. हा किस्सा त्या अशा सांगत, की शाळेतून काढलं नव्हतं, यांनीच शाळेला काढलं होतं. मुलं परीक्षेत नापास झाली का, असं मी विचारलं. "काही झाली," त्या म्हणाल्या. "पण त्यातली एक अजून मला नाताळात पत्र लिहिते. पास झालेल्यांपैकी कुणी लिहीत नाही."

त्यांचं ठाम म्हणणं असं, की पुढे जे जे मोठे झाले, ज्यांच्या नावाने रस्ते आहेत, ते सगळे म्हाताऱ्याचं वाचून शहाणे झाले आणि नाव न घेता निघून गेले. एखादं माणूस गोष्टीतून निरोप न घेता उठून जातं, दार नुसतं किलकिलं राहतं, हे म्हाताऱ्याचं. रागावलेल्या बाईला लेखकाने रागावलेली न म्हणता बटाटे सोलायला बसवायचं, हेही म्हाताऱ्याचं. पुस्तकांच्या दुकानात त्या मोठ्या लेखकांच्या कपाटापुढे उभ्या राहून मोठ्याने म्हणत, "हे उचललं. हे उसनं. आणि हा तर उघड उघड दरोडा." आसपासची गिऱ्हाइकं हळूच स्वयंपाकाच्या पुस्तकांकडे सरकत.

दुकानांवर त्यांनी एक युक्ती चालवली होती. म्हाताऱ्याचं एक पुस्तक कुठल्याशा छोट्या प्रकाशकाने पुन्हा छापलेलं होतं, पण दुकानात ते कधी नसायचं. बाई जायच्या, मागवायला सांगायच्या, आणि आणायला जायच्याच नाहीत. कुणी न्यायला आलं नाही की दुकानदार पुस्तक फळीवर ठेवतो. झालं, म्हातारा फळीवर! पण गावातल्या सगळ्या दुकानांत बाईंचा चेहरा ओळखीचा झाला, तेव्हा त्यांनी मला पाठवलं.

तोवर मी जर्मनमध्ये कुणाकडे काही मागितलं असेल तर बटाटे. काउंटरवरच्या मुलीला मी पुस्तकाचं नाव सांगितलं. तिने संगणकात पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत संगणकात.

"हे तुम्हाला स्वतःला हवंय?"

"होय," मी म्हटलं. "आणि त्वरा करावी ही प्रार्थना."

कारण मी बोलायचे ते असंच. इतर मराठी बायका क्लासला जात, मी म्हाताऱ्याकडून शिकलेली. आपल्याकडे एखाद्या परदेशी माणसाने जुनी बखर वाचून मराठी शिकावं आणि रिक्षावाल्याला "हे सारथी, स्वारीस स्थानकी पोचविणे" म्हणावं, तशी माझी गत. डॉक्टरकडे गेले तेव्हा म्हणे मी सांगितलं, की वैद्यराज, कालपासून उदरी क्लेश आहेत, निद्राही रुसली आहे. डॉक्टरांनी नर्सला आत बोलावलं आणि मला ते पुन्हा म्हणायला लावलं. माझी लेक तर जमिनीत जायची. ती मला जर्मनमध्येच उत्तर द्यायची, आणि रस्त्यात हात ओढून म्हणायची, "आई, असं कुणी बोलत नाही!" मी बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "गेल्या शतकापर्यंत बोलत होते. त्यांनी सोडलं, तुम्ही कशाला सोडता?"

इथे आपल्या मराठी लोकांना एक सवय लागते, वाक्यागणिक 'गेनाऊ' म्हणायची. बरोबर, अगदी बरोबर. मीही शिकले होते. बाईंनी ते तोडलं. "म्हाताऱ्याच्या एकाही पानावर कुणी 'गेनाऊ' म्हणत नाही. माणसं एकमेकांशी इतकी सहमत असती, तर त्याला लिहायची गरजच पडली नसती."

गणपतीला आमचं मंडळ एक हॉल भाड्याने घेतं. तिथे एकदा एका ताईंनी विचारलं, "तुझं जर्मन कितपत झालं गं? परीक्षा कुठली दिलीस, बी वन की बी टू?" मी सांगितलं, एका बाईंकडे जाते, गोष्टी वाचते. "सर्टिफिकेट देतात का त्या?" "नाही." "मग उपयोग काय?" ताई वाईट नव्हत्या, काळजीनेच विचारत होत्या. पण 'उपयोग काय' हा प्रश्न मी नववीत ऐकला होता आणि तेव्हा मान खाली घातली होती. या वेळी मी म्हटलं, "उपयोग नाही ताई. आवडतं." आणि मोदकांच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

आता म्हाताऱ्याची एक गोष्ट सांगायला हवी, तिच्यावाचून पुढचं कळणार नाही.

एका जुन्या रस्त्यावर जकातीचा नाका असतो. नाकेदार मरतो, त्याची विधवा काम चालवते. मग नदीवर नवा पूल होतो, रस्ता तिकडून जातो, या नाक्यावर चिटपाखरू येत नाही. सरकारही तिला विसरतं. बाई मात्र रोज सकाळी आडवा बांबू वर करते, संध्याकाळी खाली करते, कंदील पुसते. गाव हसतं. एका हिवाळ्यात बर्फाने नवा पूल कोसळतो आणि सगळ्या गावाला जुन्या रस्त्याने यावं लागतं. बाई प्रत्येकाला अडवते. जकात मागत नाही. म्हणते, "इतकी वर्षं कुठे होतात ते सांगा, मग जा." आणि एकेक जण सांगायला लागतो. एवढीच गोष्ट. बर्फ वितळल्यावर काय झालं, ते म्हातारा सांगत नाही.

ही गोष्ट मी आईला फोनवर सांगितली. आईला मी काय करते हे सांगायला माझ्याकडे दुसरं होतंच काय? मी वाचते ते सांगायची. आई ऐकायची आणि हुं हुं करायची. मध्येच म्हणाली, "आडवा बांबू म्हंजे आपल्या नाक्यावर असायचा तसाच की गं."

पुढे बऱ्याच महिन्यांनी माझ्या भावजयीचा फोन आला. "वन्सं, ऐकलं का? शिरोळच्या बाजूला म्हणे एक म्हातारी होती, जुन्या जकात नाक्यावर. जकात बंद झाली तरी नाका सोडीना. मग पंचगंगेला महापूर आला, नवा पूल पाण्याखाली, सगळी वाहनं तिच्या रस्त्याने. आणि ती काय करायची माहितीय का?"

"काय करायची?" मी विचारलं.

"एकेकाला थांबवून विचारायची, बाबा, इतके दिवस कुठं होतास? आमच्या मावससासूच्या दिराने डोळ्यांनी पाहिलीय. एक ट्रकवाला तर तिथंच हमसून हमसून रडला, आईला बघायला जातच नव्हता म्हणे."

ट्रकवाला म्हाताऱ्याच्या गोष्टीत नाही. आईने घातला होता, की दळणाच्या गिरणीतल्या बायकांनी, की त्या दिराने, देव जाणे. मी धावत खाली गेले आणि बाईंना सगळं सांगितलं. त्या बटाटा खात होत्या. दुपारचं जेवण म्हणजे एक उकडलेला बटाटा, मीठ लावून, उभ्याने. ऐकता ऐकता त्या बसल्या. त्यांना जेवताना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"ट्रकवाला," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्याला सुचायला हवा होता."

बाईंची एक संस्था होती. जर्मनीत दोन माणसं एका गोष्टीवर प्रेम करायला लागली की संस्था काढतात. घटना, अध्यक्ष, वार्षिक सभा, केक. म्हाताऱ्याच्या संस्थेला पालिकेने एक खोली दिली होती, म्हातारा जिथे कारकुनी करायचा त्याच जुन्या इमारतीत. त्याची पुस्तकं, त्याची खुर्ची, वर्षातून एकदा जाहीर वाचन. पण सभासद मरत चालले. शेवटी उरले बाई, एक कानाने अधू निवृत्त औषधविक्रेते, आणि एक आजोबा. मग आजोबा गेले. तीनाच्या खाली सभासद गेले की इथे संस्था बंद होऊ शकते, आणि संस्था बंद म्हणजे खोली बंद. बाईंनी मला विचारलं.

हे म्हणाले, "सही करू नकोस. इथे सही केली की सुटका नसते. जिमचं आठवतंय ना?"

जिमचं आठवत होतं. "अहो, जिम सोडायचं होतं," मी म्हटलं. "हे मला सोडायचं नाहीये." ह्यांनी पेन दिलं. मी तिसरी सभासद झाले.

तरी पालिकेला खोली परत हवी होती, नागरिकांच्या दाखल्यांसाठी नवं कार्यालय काढायला. ठरवण्याआधी त्यांच्या संस्कृती विभागातले एक साहेब आमच्या वार्षिक सभेला आले, आणि मत द्यायला बॉनहून एक प्राध्यापक. बाईंनी केक केला होता. त्यांना केक येत नसे.

"आल्झो, तर मग," प्राध्यापक म्हणाले, "लेखक गोड आहे."

"गोड केक असतो," बाई म्हणाल्या.

"हा नाहीये," औषधविक्रेते म्हणाले. त्यांना नको तेवढंच ऐकू यायचं.

प्राध्यापक सभ्य माणूस होता. त्याने शांतपणे मांडलं, की भाषा सुंदर आहे, पण या लेखकाचा पुढे कुणावर परिणाम झाल्याचं दिसत नाही. कुणी त्याचं घेतलं नाही, पुढे नेलं नाही. गाव-इतिहासापुरतं त्याचं महत्त्व आहे, त्यासाठी पालिकेने अख्खी खोली अडवावी असं नाही. बाई उठल्या आणि त्यांनी मोठ्यांची नावं एकामागून एक घेतली; याने हे उचललं, त्याने ते. प्राध्यापक मान हलवत म्हणाले, "शक्य आहे. पुरावा नाही." मग त्या म्हाताऱ्याच्या खुर्चीवर बसल्या, जिच्यावर त्या कुणालाही बसू देत नसत. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

मला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. मी उठले तेव्हा माझं मलाच कळलं नाही.

"आपण कोण?" साहेबांनी विचारलं.

"मी तिसरी सभासद," मी म्हटलं. मग जे शब्द होते त्यांतच बोलले. "मान्यवर सभाजनहो, अनुज्ञा असेल तर ही दीन स्त्री काही निवेदन करू इच्छिते."

साहेबांनी ओठ चावले. औषधविक्रेत्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं संपलं. मी पुढे बोलत राहिले. आईचं सांगितलं, पंचगंगेचं सांगितलं, मावससासूच्या दिराचं सांगितलं. ट्रकवाल्याचंही सांगितलं.

प्राध्यापकांनी हळुवारपणे विचारलं, "तुमच्या आईंना लेखकाचं नाव माहीत आहे?"

"नाही."

"आणि तुमच्या भावजयींना?"

"नाही. त्यांना ते खरंच घडलंय असं वाटतं."

"मग फार गोड प्रसंग आहे हा. पण आम्ही ज्या अर्थाने प्रभाव म्हणतो, त्या अर्थाने..."

"मग तुमचा अर्थ बदला!" बाई गरजल्या. खुर्चीत बसल्याबसल्याच, पण असा आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता. "तुम्ही म्हाताऱ्याला कपाटांत शोधता. तो महापुरात उभा आहे, ट्रक अडवतोय, आणि तुम्ही विचारता पावती कुठाय? एखाद्याची गोष्ट नाव गळून गेल्यावरही लोक शपथेवर सांगतात, याहून मोठा कुठला लेखक तुमच्या विद्यापीठात असेल तर आणा, मी उठून त्याला खुर्ची देते."

प्राध्यापक लाल झाले. निघताना कोट चढवून दारापर्यंत गेले, थांबले, आणि माझ्याकडे वळले. "तो पूर ओसरल्यावर," त्यांनी विचारलं, "त्या बाईंचं काय झालं?"

म्हातारा ते सांगतच नाही, असं मी म्हणणार होते. बाईंनी मला गप्प केलं. "वाचा," त्या त्यांना म्हणाल्या.

खोली गेली. मी इथे खोटं लिहिणार नाही. मी बोलले म्हणून काही खोली वाचली नाही. निर्णय आला, पुस्तकं खोक्यांत परतली, माझ्या जिन्याखालच्या तळघरात. दारावरची म्हाताऱ्याच्या नावाची पाटी काढून तिथे नवी लागली. त्या दिवशी मी रडले, बाई रडल्या नाहीत. त्यांनी नव्या कार्यालयाची वेळ विचारून घेतली.

वाचनाचा दिवस आला तेव्हा त्या बूट घालून तिकडे निघाल्या, मी मागे. आत टोकन काढायचं यंत्र होतं. बाईंनी टोकन काढलं, प्रतीक्षेच्या खुर्चीत बसल्या, पुस्तक उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागल्या. पत्ता बदलायला आलेले, पासपोर्टला आलेले, रडकी पोरं घेऊन आलेले, सगळे ऐकत बसले. जाणार कुठे? नंबर येईपर्यंत हलता येत नव्हतं. म्हाताऱ्याला जन्मात एवढे श्रोते मिळाले नव्हते. खिडकीतला कर्मचारी दोनदा ओरडला, मग बाहेर आला.

"बाई, तुमचा नंबर आलाय."

"येऊ दे," बाई म्हणाल्या. "नाका अजून उघडलेला नाही."

आणि मागून एक तुर्की आजी त्या माणसाला म्हणाली, "तुम्ही जरा थांबा हो."

पुढच्या वर्षी पुन्हा टोकन. त्याच्या पुढच्या वर्षीही. कर्मचाऱ्यांनी त्या दिवशी खुर्च्या आधीच वळवून ठेवायला सुरुवात केली. मंडळातल्या त्या ताई एकदा खरोखरच कामासाठी तिथे आल्या होत्या, काम झाल्यावरही बसून राहिल्या, आणि जाताना माझ्यापाशी आल्या. "नाव काय गं या लेखकाचं?" मी त्यांना नाव दिलं. त्या आता आमच्या सभासद आहेत. आणखीही काही जणी आहेत. तीनाची भीती आता राहिली नाही.

बाई मात्र इथे नाहीत. मांडीचं हाड मोडलं, तेव्हा भाचीने त्यांना हॅनोव्हरला नेलं, वृद्धांच्या घरात. दर रविवारी फोन करतात. कशा आहात म्हटलं तर सांगत नाहीत, "कुठल्या पानावर आहात?" एवढंच विचारतात. मागच्या महिन्यात भाची मधूनच फोनवर आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, की मावशी आता दिवसाचा बराच वेळ झोपून असतात. ते ऐकल्यापासून माझं मन पुन्हा पायरीवरून तळघरात धावतंय. म्हणून हे लिहायला बसले.

बाई, एक बातमी तुम्हाला अजून सांगितलेली नाही. दाखले आता घरबसल्या मिळतात, कार्यालय ओस पडलंय, आणि पालिका ती खोली पुन्हा कुणाला तरी देणार आहे. संस्थेच्या वतीने मी मागितली आहे, तुमच्या शिकवणीच्या जर्मनमध्ये, "अनुज्ञा असेल तर" असं म्हणून. मिळेल की नाही ठाऊक नाही. नाही मिळाली तर पुन्हा मागीन. माझं शिक्षण किती हे त्यांनी विचारलं तर सांगीन, नववी, आणि पुढे म्हातारा. तुमचं देणं मी एक दिवस फेडणार आहे. त्या खोलीत तुम्हाला चाकाच्या खुर्चीवरून आणीन, म्हाताऱ्याच्या खुर्चीवर बसवीन आणि सगळ्यांसमोर वाचीन. अडखळेन, पण या वेळी मध्येच सोडणार नाही, शेवटच्या ओळीपर्यंत वाचीन. तोवर तुम्ही मरायचं नाही. हे सभासद म्हणून सांगते आहे.